रिसीव्हर खराब झालाय की आणखी काही? घरी बनवलेल्या कॉम्प्युटर रिमोटमधला दोष शोधताना

एप्रिलातली संध्याकाळ. कामावरून घरी आलो तर आप्पा रिमोट हातात धरून त्यातलं लाल बटण दाबत बसले होते. आई स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू. "कधीचं दाबतोय की, कुणी येईना," एवढंच म्हणाले. त्यांना पाणी हवं होतं.

हा रिमोट मी घरीच जुळवलेला. आप्पांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली, त्यानंतर माउस धरणं त्यांना जमेना, आणि डाव्या हातानं धरला तर बाण पडद्यावर कुठल्या कुठे जायचा. कॉम्प्युटरवर त्यांची भजनं आहेत, जुने सिनेमे आहेत. म्हणून मोठ्या बटणांचा साधा रिमोट बाजारातून आणला आणि कॉम्प्युटरला एक इन्फ्रारेड रिसीव्हर जोडला. थांबव, चालू कर, पुढचं, मागचं, आवाज कमी, आवाज जास्त, अशी सहा बटणं. सातवं लाल. ते दाबलं की स्वयंपाकघरात ठेवलेल्या स्पीकरवर घंटा वाजते. बाकीची सहा बटणं बंद पडली तर भजन थांबतं. लाल बंद पडलं तर काय होतं ते त्या संध्याकाळी कळलं.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, हे सगळं जोडलं होतं आणि अडीच महिने बिनतक्रार चाललं. मग दुपारी कधी चालेना, संध्याकाळी तर जवळजवळ कधीच चालेना. सकाळी मात्र ठणठणीत. रिमोट रिसीव्हरच्या अगदी तोंडाशी नेला की चालायचा, पलंगावरून नाही. मी लगेच निष्कर्ष काढून मोकळा झालो, की रिसीव्हर म्हातारा झाला. तो निष्कर्ष चुकला कसा आणि खरा दोष सापडला कसा, ते इथे सविस्तर लिहितोय. असा रिमोट करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आज ना उद्या हे येतंच.

आधी जोडणी काय आहे ते

माझ्याकडे प्रो मायक्रो नावाचं छोटं बोर्ड आहे, अर्डुइनोच्याच घराण्यातलं. त्यावरच्या एटीमेगा ३२यू४ या चिपची खुबी अशी, की यूएसबीला लावल्यावर ती कॉम्प्युटरला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून करून देऊ शकते. रिमोटचं बटण ओळखायचं आणि त्या जागी कीबोर्डची एखादी कळ दाबल्यासारखं करायचं, एवढंच तिचं काम. त्यामुळे विंडोज असो की लिनक्स, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बोर्डापासून दीड मीटर वायर मॉनिटरच्या वरपर्यंत नेली आणि तिच्या टोकाला तीन पायांचा रिसीव्हर, टीएसओपी १७३८, लावला. सर्किट म्हणावं असं यात काही नाही. दोन वायरी विजेच्या, एक सिग्नलची.

पण त्या तीन पायांच्या काळ्या बोंडात बरंच काही भरलेलं असतं. ते कळल्याशिवाय दोष शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो. आपल्या डोळ्याची मजल सातशेच्या थोडी पुढे संपते, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. अडचण अशी की हा अवरक्त प्रकाश फक्त रिमोटच टाकत नाही. सूर्य टाकतो, पिवळा बल्ब टाकतो, गॅसची ज्योत टाकते. या गोंगाटातून रिमोटचं बोलणं वेगळं काढायचं कसं?

आप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर होते. मागांच्या त्या खटखटाटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून ते लोक शिट्टी मारून हाक देत. शिट्टी काही मागांपेक्षा मोठी नसते, पण तिचा सूर वेगळा आणि ठरलेला असतो. कान तेवढाच सूर उचलतो, बाकीचं सोडून देतो. रिमोट हेच करतो. तो प्रकाश नुसता चालू-बंद करत नाही, सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकवतो. रिसीव्हरच्या आत आधी प्रकाश पकडणारा फोटोडायोड, मग सिग्नल मोठा करणारा अॅम्प्लिफायर, आणि त्यापुढे फक्त ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचाच सूर पुढे जाऊ देणारा फिल्टर असतो. नावातले शेवटचे दोन आकडे तेच सांगतात. १७३८ म्हणजे ३८, १७३६ म्हणजे ३६.

आणखी एक भाग महत्त्वाचा, कारण माझी फजिती त्यानंच केली. आत एक आपोआप आवाज कमी-जास्त करणारी योजना असते, ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. आजूबाजूला गोंगाट वाढला की ही योजना रिसीव्हरचे कान मुद्दाम थोडे बंद करते, म्हणजे फालतू आवाज सिग्नल म्हणून पुढे जाणार नाहीत. पण कान बंद केले की लांबून मारलेली शिट्टीही ऐकू येत नाही. तोंडाशी रिमोट धरला तर चालतो आणि आठ फुटांवरून चालत नाही, हे लक्षण मरायला टेकलेल्या रिसीव्हरचं असू शकतं. तसंच ते धडधाकट पण गोंगाटात बसलेल्या रिसीव्हरचंही असू शकतं. मी दुसऱ्या शक्यतेचा विचारच केला नव्हता.

मीटर घेऊन बसलो

सुरुवात रिमोटपासून करावी. तिथला दोष सगळ्यात स्वस्त असतो. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर एलईडी जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसला पाहिजे. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरा. आणि आधी टीव्हीचा चालू रिमोट दाखवून तो कॅमेरा इन्फ्रारेड पाहतो की नाही याची खात्री करा. नाहीतर चांगला रिमोट कचऱ्यात जाईल. आमचा रिमोट व्यवस्थित लुकलुकत होता. तरी नवे सेल टाकले, आणि लाल बटणाखालचा रबराचा काळा ठिपका स्पिरिटनं पुसला, कारण सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण तेच. फरक शून्य.

मग रिसीव्हरला वीज किती मिळते ते पाहिलं. इथे बरेच जण बोर्डावरच्या पिनांवर मीटर लावतात आणि ५ व्होल्ट दिसले की समाधान मानतात. मीटर रिसीव्हरच्या पायांनाच लावायचा. मधली वायर, तिचे डाग, जंपरची सैल टोकं हे सगळं तेव्हाच तपासलं जातं. १७३८ ला साडेचार ते साडेपाच व्होल्ट हवेत. माझ्याकडे ४.९३ आले. वायर हलवून, ओढून, पिळून पाहिली, आकडा जागचा हलला नाही. म्हणजे डाग पक्के होते.

तिसरी चाचणी खरी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी टोक ग्राउंडला आणि लाल टोक आउटपुटच्या पायाला लावलं. हा रिसीव्हर उलटा बोलतो हे लक्षात ठेवा. काहीच ऐकू येत नसेल तर आउटपुट ५ व्होल्टला टांगलेलं असतं, आणि ३८ किलोहर्ट्झचा झोत आला की तेवढ्या वेळापुरतं शून्याकडे पडतं. हे पडणं हजारांश सेकंदांचं असल्यामुळे मीटर त्याची सरासरी दाखवतो. बटण दाबून धरलं की पाचाचे साधारण साडेचार-पावणेपाच होतात आणि आकडे थरथरतात. काट्याचा जुना मीटर असेल तर आणखी छान दिसतं.

निवांत असताना पाच, बटण दाबल्यावर थरथर, असं दिसलं तर रिसीव्हर बरा आहे आणि दोष पुढे, बोर्डात किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. निवांत असतानाच शून्य आणि शून्यच राहिलं, तर रिसीव्हर गेला किंवा पाय उलटसुलट लागलेत. कायम पाच आणि बटण दाबूनही पाच, तर रिसीव्हर बहिरा आहे किंवा रिमोटचा सूर जुळत नाही.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. कुणी बटणाला हात लावलेला नसताना आकडा ४.१ ते ४.६ मध्ये भटकत होता. रिसीव्हर बहिरा नव्हता, त्याला नको तेवढं ऐकू येत होतं. हे त्याच क्षणी समजायला हवं होतं. मला समजलं नाही. मी म्हटलं, आतून बिघडलाय, बदलून टाकू.

(मीटर नसेल तर एक एलईडी आणि २.२ किलोओमचा रेझिस्टर ओळीनं जोडून ५ व्होल्ट आणि आउटपुट यांच्यामध्ये लावा. बटण दाबलं की एलईडी लुकलुकतो. यापेक्षा फार कमी किमतीचा रेझिस्टर लावू नका, रिसीव्हरच्या आउटपुटची ताकद मोजक्या मिलीअँपिअरची असते.)

नवी पेठेतली चूक

नवी पेठेत पार्ट घ्यायला गेलो. "१७३८ आता येत नाही, हेच घेऊन जावा, सगळे हेच लावतात," म्हणून दुकानदारानं दुसरा रिसीव्हर दिला. दिसायला जवळपास तसाच. दोन घेतले. घरी येऊन जुना काढला, नवा त्याच भोकांत खोचला, यूएसबी लावली. दहा-पंधरा सेकंदांत बोटाला चटका आणि नाकाला तो ओळखीचा जळका वास.

दुकानदाराची यात काही चूक नाही. त्यानं दिलेला पार्ट चालतो, पण पायांचा क्रम वेगळा असतो. १७३८ चा फुगीर डोळा आपल्याकडे धरला तर डावीकडून ग्राउंड, व्होल्टेज, आउटपुट असा क्रम. बाजारात हल्ली सर्रास मिळणाऱ्या १८३८ चा, तसंच टीएसओपी ४८३८ आणि ३८२३८ चा क्रम आउटपुट, ग्राउंड, व्होल्टेज असा. मी जुन्या जागी नवा लावला तेव्हा त्याच्या ग्राउंडवर ५ व्होल्ट आणि आउटपुटवर ग्राउंड गेलं. विजेला उलट्या दिशेनं सरळ वाट मिळाली. रिसीव्हर मेला, बोर्ड नशिबानं वाचलं. पार्टच्या अंगावरचा नंबर भिंगातून वाचा, त्याच नंबराची डेटाशीट उघडा, मगच वायर जोडा. इंटरनेटवरचं चित्र 'थ्री पिन आयआर रिसीव्हर' एवढ्यावर विश्वास ठेवून पाहू नका, त्यात दोन्ही क्रम सापडतात.

दुसरा नवा रिसीव्हर डेटाशीट पाहून नीट जोडला. संध्याकाळची वेळ होती. आउटपुटवर मीटर लावला, तर निवांत असताना ४.२, ४.५, ४.३. जुन्यासारखाच.

एवढं झाल्यावर मात्र रिसीव्हरला दोष देणं शक्य नव्हतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या वयाचे दोन रिसीव्हर एकाच पद्धतीनं आजारी पडणार नाहीत. मग बिघाड घरात कुठेतरी होता.

लाइट गेली

दोन दिवसांनी वळवाच्या पावसाचं वारं सुटलं आणि सगळ्या गल्लीतली लाइट गेली. कॉम्प्युटर छोट्या यूपीएसवर असल्यामुळे चालू राहिला, बाकी घर अंधारात. आई मेणबत्ती शोधत होती. तेवढ्यात घंटा वाजली. आप्पांनी सवयीनं लाल बटण दाबलं होतं, पलंगावरून, आठ फुटांवरून, आणि ते पहिल्या दाबात लागलं. मी पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा वाजली. वीस वेळा दाबून पाहिलं, वीस वेळा वाजली. आई आतून म्हणाली, "आता पुरे करा की, डोकं उठलं."

लाइट आल्याबरोबर रिमोट बंद. खोलीत लाइटबरोबर काय काय चालू झालं? पंखा, कोपऱ्यातला मोबाइलचा चार्जर, आणि पलंगावरची ट्यूब. पंखा बंद केला, फरक नाही. चार्जर काढला, नाही. ट्यूब बंद केली आणि मीटरचा आकडा चढत ४.८ वर गेला.

आता आठवलं. पाडव्याच्या साफसफाईत त्या ट्यूबची जुनी पट्टी बदलली होती. जुनीत तांब्याच्या वेटोळ्याचा जड चोक होता. त्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि ३८,००० च्या सुराची वाट पाहणारा रिसीव्हर १०० कडे ढुंकूनही बघत नाही. नवी पट्टी इलेक्ट्रॉनिक चोकची. हे चोक ट्यूब साधारण २० ते ५० किलोहर्ट्झवर चालवतात आणि उजेड त्याच्या दुप्पट वेगानं लुकलुकतो. आपल्या डोळ्याला तो अगदी स्थिर वाटतो, जाहिरातीत तेच तर सांगतात. पण हे लुकलुकणं रिसीव्हरच्या सुराच्या शेजारीच येऊन बसतं. त्यात ट्यूबमधला आरगॉन आणि पारा थोडा इन्फ्रारेडही टाकतात. आणि चोक स्वस्तातला असेल तर या वेगवान लुकलुकण्यावर मूळ विजेचे १०० चे हेलकावेही चढलेले असतात, त्यामुळे ते रिसीव्हरला अखंड सुरासारखं नाही, तुटक तुटक संदेशासारखं ऐकू येतं. अखंड सूर दुर्लक्षित करायला त्याला शिकवलेलं आहे. तुटक सुरानं तो फसतो. टीएसओपीच्या डेटाशीटमध्ये त्रास देणाऱ्या गोष्टींची छोटी यादी आहे: ऊन किंवा बल्बचा उजेड, अखंड सूर, आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब. मी ते पान पिनांचा क्रम पाहण्यापुरतं उघडलं होतं.

मग दुपारचं काय? दुपारी ट्यूब बंद असते. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हा चार वाजता टेबलाशी बसून राहिलो. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो तो बरोबर मॉनिटरच्या वरच्या कडेवर. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून मावळतो तेव्हा हाच पट्टा भिंतीवर पडत होता. एप्रिलात तो सरकून रिसीव्हरच्या डोळ्यात गेला. ऊन लुकलुकत नाही, त्यामुळे खोटे संदेश येत नाहीत, पण इतक्या प्रखर उजेडात फोटोडायोड भरून जातो आणि रिमोटचा मंद झोत त्यात बुडतो. रिसीव्हरवर हातानं सावली धरली की रिमोट चालायचा. सोलापूरच्या त्रेचाळीस डिग्रीत पार्टच तापून बिघडत असेल ही माझी आणखी एक शंका होती. तीही गेली, कारण हा रिसीव्हर ८५ डिग्रीपर्यंत काम करतो.

म्हणजे एकाच महिन्यात दोन वेगळी कारणं, एक दुपारचं, एक संध्याकाळचं. दोन्हींचा परिणाम सारखाच. म्हणून तो एकच बिघाड वाटला आणि दिवसेंदिवस वाढणारा वाटला.

पुठ्ठ्याच्या डबीची चाचणी

ट्यूब बंद केल्यावरही आकडा ४.८ वर अडकला होता, पूर्ण ४.९ वर गेला नव्हता. ही खोच मला सोडवेना. इथे केलेली चाचणी मला सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण ती फुकट आहे आणि अर्धं जग एका फटक्यात बाद करते.

आप्पांच्या औषधाची जाड पुठ्ठ्याची डबी घेतली, तिच्या आत दुसरी छोटी डबी, आणि त्यात रिसीव्हर पूर्ण बंद केला. फक्त वायर बाहेर. आता त्याला कुठलाच प्रकाश दिसत नाही. आउटपुट शांत झालं तर गोंगाट प्रकाशातून येत होता. डबीतही गोंगाट राहिला तर तो वायरीतून, विजेतून येतोय. काळी चिकटपट्टी किंवा काळं प्लास्टिक मात्र यासाठी भरवशाचं नाही. डोळ्याला काळं दिसणारं पुष्कळसं प्लास्टिक इन्फ्रारेडला आरपार असतं. खुद्द रिसीव्हरचं बोंड त्यामुळेच काळं असूनही चालतं.

डबीत घातल्यावर ट्यूब चालू असो की बंद, आकडा ४.८ च्या आसपासच हलत राहिला. म्हणजे मुख्य गोंगाट प्रकाशाचा, आणि थोडासा उरलेला विजेचा. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून यूएसबीच्या ५ व्होल्टवर बारीक खळबळ असतेच. त्यात माझी दीड मीटर वायर, जी अँटेनाचं काम करते.

यावरचा इलाज डेटाशीटमध्येच दिलेला असतो, आणि मी तो 'काय गरज आहे' म्हणून सोडला होता. व्होल्टेजच्या वायरीत १०० ओमचा रेझिस्टर ओळीनं, आणि रिसीव्हरच्या व्होल्टेज व ग्राउंडच्या पायांमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. कॅपॅसिटर पायांना चिकटून असला पाहिजे, बोर्डाकडच्या टोकाला लावला तर वायरीतला गोंधळ तसाच राहतो. रिसीव्हर जेमतेम एखादा मिलीअँपिअर खातो, तेव्हा १०० ओममुळे होणारी घट ०.१ व्होल्टच्या घरात, काळजी नको. आउटपुट लांब वायरीवर नेताना ५ व्होल्टकडे १० किलोओमचा आणखी एक रेझिस्टर बोर्डाजवळ लावला. डबीतला आकडा स्थिर झाला.

प्रकाशाचं काम सुताराचं निघालं. रिसीव्हर मॉनिटरच्या वरून काढून खालच्या फळीच्या पोटाला लावला, तिथे ऊन पोचत नाही. त्याला वायरिंगच्या पाइपचा अडीच-तीन सेंटिमीटरचा तुकडा, बाहेरून पुठ्ठा गुंडाळून, टोपीसारखा बसवला. आता त्याला समोरचा पलंग दिसतो, वरची ट्यूब दिसत नाही. ट्यूबची पट्टीही शेवटी बदलून एलईडीची आणली. पांढरा एलईडी इन्फ्रारेड जवळजवळ टाकतच नाही. नुसत्या टोपीनंही काम भागत होतं, पण आप्पांच्या बाबतीत मला 'भागतंय' नको होतं.

प्रोग्रॅममध्ये काय दिसतं

आयआर-रिमोट या लायब्ररीबरोबर आलेल्या सगळं छापून दाखवणारा नमुना प्रोग्रॅम चालवून ठेवा आणि सिरियल मॉनिटर उघडा. आमचा रिमोट एनईसी पद्धतीचा आहे. त्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि पुढे ३२ बिट. प्रत्येक बिटाचा झोत साधारण ५६० मायक्रोसेकंदांचा, त्यानंतरची शांतता छोटी असेल तर शून्य, सुमारे १,६९० ची असेल तर एक. चांगल्या परिस्थितीत हेच आकडे थोड्याफार फरकानं दिसतात. ट्यूब चालू असताना माझ्याकडे बटणाला हात न लावता 'अननोन' च्या ओळीमागून ओळी येत होत्या, आणि त्यातले आकडे कशालाच धरून नव्हते.

मग घंटा आपोआप का वाजली नाही? एनईसीमध्ये बटणाचा क्रमांक एकदा सरळ आणि एकदा उलटा करून पाठवतात. दोन्ही जुळले तरच तो खरा मानायचा. गोंगाटातून असं जुळणं येणं जवळपास अशक्य.

नवशिक्यांना आणखी एक गोष्ट बिघाड वाटते. बटण दाबून धरलं की जुन्या लायब्ररीत पहिल्या कोडनंतर नुसते आठ वेळा 'एफ' येत राहतात. तो बिघाड नाही, 'तेच बटण अजून दाबलेलं आहे' असा एनईसीचा छोटा निरोप आहे, दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास येणारा. आप्पा बटण जरा जास्त वेळ दाबून धरतात, त्यामुळे लाल बटणासाठी मी हा निरोप सोडून देतो. आवाजाच्या बटणांसाठी मात्र वापरतो.

ज्यांचा रिमोट फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा आहे त्यांचा सूर ३६ चा असतो, सोनीचा ४०. ३८ चा रिसीव्हर हे दोन्ही ऐकतो, फक्त कमी अंतरावरून. जवळून चालतो पण लांबून नाही, याचं हे तिसरं कारण.

जुना कॉम्प्युटर असेल आणि सिरियल पोर्टला रिसीव्हर जोडण्याची लर्कवाली पद्धत वापरत असाल, तर तिथे वीज पोर्टच्या आरटीएस पिनमधून घेतात आणि ७८एल०५ नं ५ व्होल्टवर आणतात. प्रोग्रॅमनं ती पिन चालू केल्याशिवाय रिसीव्हरला वीजच मिळत नाही, तेव्हा मीटर लावायचा तो प्रोग्रॅम चालू असताना. यूएसबी-सिरियलचा अडॅप्टर या पद्धतीला चालत नाही, त्यात वेळेचं गणित बिघडतं. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी १७३८ घेऊच नये. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि पायच्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही. टीएसओपी ३८२३८ अडीच व्होल्टपासून चालतो, तो ३.३ वर लावा.

हे सगळं जमल्यावरही पलंगाशेजारी बेलचं साधं बटण मी वायर ओढून लावलंच, सेलवर चालणारं. कुणी टेबलासमोर उभं राहिलं तरी इन्फ्रारेड अडतं, आणि कॉम्प्युटर अपडेट घेत बसला तर रिमोटचा काही उपयोग नाही. आप्पा मात्र ते बटण वापरत नाहीत. त्यांना रिमोटच आवडतो. घंटा वाजली की आई विचारते, "काय हवंय?" आणि कधी कधी ते म्हणतात, "काही नाही, लागतोय का बघितलं."

जुना १७३८, ज्याला मी महिनाभर दोष देत होतो, तो पुन्हा टोपीत बसवलाय. दुसरा नवा डबीत पडून आहे, त्याच्या पायांचा क्रम चिठ्ठीवर लिहून.